ध्वजदिनाचा झेंडा कशासाठी?

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. तो १९४९ पासून पाळतात. त्या दिवशी लहान झेंडे देऊन निधी जमवतात. झेंड्यातला लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा वायुदलाचा. सैन्य तरुण राहावे म्हणून बरेच जवान लवकर निवृत्त होतात. त्यांना, जखमी जवानांना आणि शहिदांच्या घरच्यांना हा निधी कामी येतो.

काहीजण म्हणतात, एका रुपयानं काय होते? मला हे पटत नाही. सरवा वेचूनच पायली भरते ना! पण जबरदस्ती नको. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याने माजी सैनिकाच्या बांधीत धान उचलायला जावे. तीही मदतच आहे. आणि झेंडा संध्याकाळी रस्त्यावर फेकू नका.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी