दुसरी कमाई

परदेशी गेलेला एक समाज सावरतो, दुसरा मागे राहतो, असे का? मंगला धरणात (१९६७) घरेदारे गेलेले मीरपूरचे अनेक पाकिस्तानी ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लागले. गिरण्या बंद पडल्या आणि एकाच्याच कमाईवर चालणारी घरे हलाखीत आली. मॅसेडोनियाचे शेतकरी ऑस्ट्रेलियात पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात गेले. शिक्षण त्यांचेही बेताचेच. कारखाना बायकांना क्वचितच घेत होता. १९८० मध्ये स्थलांतरित स्त्रियांनी दाद मागितली, त्यांत मॅसेडोनियनही होत्या. १९८९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. आज ब्रिटनमधल्या पाकिस्तानी मुलीही विद्यापीठात शिकताहेत. आम्ही शिक्षक पालकांना एवढेच सांगू: दहावी झाली म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. गिरणी बंद पडते, इल्म घरात राहतो.