आधी फोम, मग कव्हर
कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाली. आता ही गाडी टिकेल ती खासगी हातांतच. म्हणून चिंचणीसारख्या किनारी गावात ती जपणाऱ्याने रंगावर सढळ हाताने खर्च करून सीटवर नुसतं नवं कव्हर चढवू नये, आधी फोम बदलावा. खाऱ्या, दमट हवेत फोम ओल धरतो, खालच्या स्प्रिंगा गंजतात. जुना फोम बोटाने दाबला की पिवळा भुगा सांडतो. बसक्या सीटवर चालकाची नजरही खाली येते. मूळपण जाईल, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण ते सांगाड्यात, शिवणीत, रेक्झिनमध्ये असतं, आणि तेवढं जिवापाड जपावं. फोम टायरसारखा झिजणाराच. मात्र उशीचा मऊ फोम नको, ४० घनतेचा घ्यावा, आणि स्प्रिंगांवर आधी गोणपाट अंथरावं, नाहीतर तारा नवा फोमही कापत जातात.