जागा कुणाची?
नासिर शेख यांनी २००० साली मालेगावात ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला, तेव्हा शूटिंग म्हणजे व्हिडिओ कॅसेट. ती पिशवीत टाकून नेता यायची. आज मोबाइलवर कुणीही शूट करतो, अडतं ते एडिटरपर्यंत पोचवताना. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला की चेहऱ्यांचा लगदा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहतो, पण २ जीबीपर्यंतच. मग एडिटर गूगल ड्राइव्हवरचं आपलं फोल्डर शेअर करतो. गंमत इथेच आहे. फोल्डर त्याचं असलं तरी त्यात टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या फुकटच्या १५ जीबीत मोजली जाते, आणि ते जीमेल-फोटोंनी आधीच खाल्लेले असतात. ‘जागा संपली’ असं दिसलं की पाठवणारा एडिटरला फोन लावतो. तो म्हणतो, ‘अरे, माझ्याकडे तर ढीगभर जागा आहे!’ ड्रॉपबॉक्सच्या ‘फाइल रिक्वेस्ट’मध्ये हिशेब उलटा: पाठवणाऱ्याला खातंही लागत नाही, जागा मागणाऱ्याची जाते. मला हेच रास्त वाटतं. ज्याला माल हवा, त्यानं गोदाम द्यावं. मात्र तिथलं फुकटचं गोदाम २ जीबीचंच. अख्ख्या लग्नाचं शूटिंग असेल, तर पेनड्राइव्ह घेऊन मालेगावातला मोसम पूल ओलांडलेला बरा.