रविवारची एसटी आणि तिचं भारमान

शेलूला फिरायला म्हणून कोणी उतरत नाही. वांगणी सुटलं की दारातली मंडळी नेरळची तयारी करायला लागतात, आणि मध्येच आमचं स्टेशन आलं की पाठीला सॅक लावलेली पोरं ‘हे कुठलं आता?’ म्हणून एकमेकांकडे बघतात. आमची तक्रार नाही. पश्चिमेला चंदेरी, नाखिंद, पेब आणि माथेरानची रांग, पूर्वेला उल्हास नदी आणि मधून जाणारे रेल्वेचे रूळ, एवढ्या भांडवलावर आमचं बरं चाललंय. अलीकडे टॉवरच्या जाहिराती आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या बातम्या यांमुळे शेलूचं नाव मुंबईकरांच्या कानावर पडायला लागलं, इतकंच.

एका बाबतीत मात्र आम्ही ठाण्या-डोंबिवलीकरांपेक्षा नशीबवान. आमच्या पुढची स्टेशनं मोजा: नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. कर्जतनंतर खोपोलीच्या बाजूला पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. यातल्या बहुतेक ठिकाणी उतरून एक अख्खा दिवस सत्कारणी लागतो. सकाळची लोकल, मग एसटी, मग आपले पाय. आणि संध्याकाळी उलट्या क्रमाने घरी. स्वतःची गाडी नको, रिसॉर्ट नको, मुक्काम नको. खर्च म्हणाल तर वडापाव धरूनही एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी.

नेरळचं वेगळं सांगायला नको. आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १९०७ साली माथेरानची दोन फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली. ती आजही हेलकावे खात वर जाते. पावसाळ्यात, १५ जून ते १५ ऑक्टोबर, नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. मग अमन लॉजजवळच्या दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी किंवा कर्जतहून नेरळमार्गे जाणारी एसटीची मिनीबस पकडायची. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथे गर्दीही सगळ्यांची असते.

मला जास्त माया आहे ती खोपोली लोकलची. एकेरी मार्ग, कमी फेऱ्या, त्यामुळे ही गाडी चुकली की बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. पण या आडबाजूच्या फाट्याला एके काळी मोठा मान होता. १८५६ साली रेल्वे कल्याणहून खोपोलीपर्यंत आली आणि अडली, कारण समोर बोरघाट. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीत, घोड्यावर नाहीतर गाडीत बसून चढावा लागे. घाटाच्या कामाचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने इंजिनिअर हाताशी धरून ते कंत्राट पुढे नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. रूळ पळसदरीकडून वर चढले आणि खोपोली कडेला पडली.

खोपोलीत उतरलं की निवड करायला वाव आहे. वरच्या धरणांचं पाणी घाटमाथ्यावरून नळांनी खाली आणून १९१५ पासून वीज करणारं टाटांचं केंद्र आहे. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आहे. महडचा वरदविनायक रिक्षाच्या अंतरावर आहे. आणि पालीच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन आत चावणीला वळलं तर उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज याच खिंडीत कोंडली आणि खानाला शरण यायला लावलं. तिथे चालत गेलं तरच त्या लढाईचं मर्म कळतं. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये झाडी आणि नदीचं पात्र. वातानुकूलित गाडीतून उतरून स्मारकासमोर फोटो काढणाऱ्याला, माणसं कशी कोंडली गेली असतील, हे समजायचं नाही.

कर्जतला उतरलात तर कोंडाणे. कोंदिवड्यापर्यंत रिक्षा किंवा एसटी, पुढे जंगलातली चढण. राजमाचीच्या पायथ्याला कातळात कोरलेली ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्याच्या बाजूला एका मूर्तीच्या मस्तकापाशी ब्राह्मी अक्षरांत कारागिराने नाव कोरून ठेवलंय: कान्हाचा शिष्य बलक. राजाचं नाही, दात्याचं नाही, छिन्नी धरणाऱ्याचं नाव. मी तिथे गेलो की ती ओळ शोधतो आणि दर वेळी बरं वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोकलचं ठीक आहे. मेगाब्लॉक नसेल तर ती येते आणि जाते. खरी परीक्षा पुढच्या एसटीची. कर्जतहून कशेळेमार्गे जामरुखकडे जाणारी गाडी घ्या. याच गाडीने आंबिवलीला उतरून पेठचा किल्ला करता येतो. कोथळीगड म्हणजेच पेठ. वर सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना, खाली कोरीव खांबांची गुहा, आणि वाटेत पेठवाडी. एका दिवसात आरामात होतो. अट एकच, गाडीची वेळ साधली पाहिजे. आणि इथेच शहरातला माणूस चुकतो, कारण एसटीचं वेळापत्रक आपल्यासाठी केलेलं असतं असा त्याचा समज असतो.

ते केलेलं असतं गावासाठी. सकाळी गावाला तालुक्याला यायचं असतं: शाळा, कॉलेज, तहसील, दवाखाना, बाजार. संध्याकाळी त्याला घरी जायचं असतं. म्हणून तर मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी शेवटची फेरी करून ती गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन निघते. फिरायला जाणारा माणूस नेमका याच्या उलट वाहत असतो. तो सकाळी गावाकडे जातो, संध्याकाळी स्टेशनकडे येतो. त्याला वाटतं, गाड्या गैरसोयीच्या आहेत. गाड्या बरोबर आहेत, तो उलट्या दिशेचा आहे.

पण या उलटेपणातच एक फायदा दडलेला आहे, आणि तो सांगण्यासाठीच आजचा लेख. सकाळी कर्जतहून गावाकडे जाणारी गाडी माणसं आणायला जाते, म्हणून तिच्यातल्या बऱ्याच सीट मोकळ्या असतात. संध्याकाळी गावात माणसं उतरवून उलट येणारी गाडीही तशीच. एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात: गाडीत किती जागा आणि त्यांतल्या किती भरल्या. भारमान घसरलं की फेरीवर फुली पडते. ‘भारमान कमी म्हणून फेरी बंद’ ही ओळ तालुक्याच्या बातम्यांत इतक्यांदा छापून येते की आता कोणी दचकत नाही. रविवारी तर शाळा-कॉलेज बंद, कचेऱ्या बंद. भरलेल्या दिशेचीही गर्दी आटते. अशा वेळी तुम्ही चारजण सॅक घेऊन त्या मोकळ्या सीटवर बसता, तेव्हा गावकऱ्याची जागा अडवत नाही. ती फेरी टिकायला हातभार लावता.

ही गाडी कोणासाठी टिकायला हवी, ते दुपारच्या फेरीत बसलं की दिसतं. मे महिना असावा. पहाटेच्या गाडीने ठाकरवाड्यांतल्या बाया पाट्या घेऊन कर्जतला आलेल्या असतात. पाटीत करवंदं, जांभळं. पावसाची चाहूल लागली की शेवळं आणि त्यांच्या जोडीला काकडं. बाजार उरकून दुपारी त्या परत निघतात तेव्हा त्याच पाटीत तेलाची पिशवी, मीठ, कांदे-बटाटे आणि कागदात बांधलेली सुकट असते. पाटी पायाशी, पदराच्या गाठीत पैसे. कंडक्टर तिकिटाचं यंत्र पुढे करतो तेव्हा गाठ सुटते, नाणी मोजली जातात, गाठ परत बसते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा अर्थ मला त्या गाठीकडे पाहून कळला. उरलेल्या पैशांत सुकटीचा वाटा थोडा मोठा येतो. एकदा एका आजींनी मला विचारलं, ‘किल्ल्यावर काय मिळतं तुम्हाला?’ मी म्हटलं, हवा. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘ती तर हितं बी हाय.’ सगळी गाडी हसली, कंडक्टरसुद्धा.

फिरणाऱ्यांच्या तिकिटाने गाडी वाचते, हा माझा कल्पनाविलास नव्हे. इंग्लंडात तसं घडलंय. तिथे रेल्वेवरच्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे रूळ आणि खेड्यापाड्यांतली स्टेशनं तोट्याच्या नावाखाली बंद झाली. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातून जाणाऱ्या सेटल-कार्लाइल मार्गावरची बहुतेक छोटी स्टेशनं १९७० मध्ये बंद पडली. १९७५ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळींनी शनिवार-रविवारच्या खास गाड्या भाड्याने घ्यायला सुरुवात केली. नाव दिलं डेल्सरेल. बंद स्टेशनं तेवढ्यापुरती उघडायची, शहरातल्या लोकांना चालायला आणून सोडायचं, आणि पुढच्या खोऱ्यात जायला स्टेशनाबाहेर बस उभी. गंमत अशी की, या गाड्यांतून खेड्यातली माणसंही शहरात बाजाराला जायला लागली. पुढे रेल्वेने अख्खा मार्गच बंद करायचा घाट घातला तेव्हा लोक विरोधाला उभे राहिले, १९८६ मध्ये आठ छोटी स्टेशनं रोजच्या गाड्यांसाठी पुन्हा उघडली आणि १९८९ साली सरकारने मार्ग बंद करायला नकार दिला. आजही त्या भागात रविवारच्या डेल्सबस स्वयंसेवकांच्या संस्थेच्या पुढाकाराने धावतात, रेल्वेच्या वेळा बघून.

आमच्याकडे काय कमी आहे? रेल्वे आहे, एसटी आहे, डोंगर तर तिकडच्यापेक्षा उंच आहेत. कमी आहे ती रेल्वे आणि एसटीची एकमेकांशी ओळख. कर्जत स्टेशनात लोकलचा इंडिकेटर मिनिटं सांगतो, पण बाहेर पडल्यावर जामरुखची गाडी किती वाजता, हे कळायला एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन चौकशीच्या खिडकीत डोकं घालावं लागतं. तोवर रिक्षावाला, टमटमवाला तुम्हाला पटवून मोकळा झालेला असतो. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं माझं म्हणणं नाही. जिथे एसटी जात नाही तिथे तेच आपले वाली. पण नेरळ, कर्जत आणि खोपोली या तीन स्टेशनांवर तालुक्यातल्या एसटी फेऱ्यांचा एकेक मराठी फलक लागला, तर खर्च किती येईल? आणि रविवारी सकाळी एक जाणारी नि संध्याकाळी एक येणारी फेरी लोकलच्या वेळेशी जुळवली, तर पेठ, कोंडाणे, उंबरखिंड ही ठिकाणं गाडी नसलेल्या माणसाच्याही आवाक्यात येतील. १९८८ पासून ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास देणाऱ्या एसटी महामंडळाला हे सुचणं अवघड नसावं.

नाहीतर काय होतं, ते शनिवारी संध्याकाळी कर्जतच्या चारफाट्यावर उभं राहून पाहा. रिसॉर्टकडे निघालेल्या मोटारींची रांग, एकेका गाडीत दोन-दोन माणसं, आणि त्या रांगेत अडकलेली मुक्कामी एसटी. वाडीतली बाई पाटी घेऊन त्या गाडीत तिष्ठत असते. शहरातली माणसं आमच्या तालुक्यात येऊ नयेत असं मी कधी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे चार पैसे येतात. पण कशाने येता, याला अर्थ आहे.

तेव्हा येत्या रविवारी निघणार असाल तर लोकलने या. पावसाचे दिवस असतील तर धबधब्यांवर बंदीचे आदेश आहेत का, ते आधी पाहा आणि असतील तर पाळा. कर्जतला उतरल्यावर एसटी स्टँडवर चौकशी करा आणि जी गाडी निघत असेल तिच्या गावाला जा. पाहण्यासारखं काही नाही असं गाव या तालुक्यात मला तरी सापडलेलं नाही. तिकीट आठवणीने घ्या. बरोबर पंचाहत्तरी ओलांडलेलं कोणी असेल, तर त्यांनी शून्य रुपयांचं का होईना, तिकीट मागून घ्यावं, कारण त्या तिकिटाच्या हिशेबानेच सरकार महामंडळाला पैसे देतं. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे कंडक्टरला गाडीतून उतरण्याआधी विचारा, उतरल्यावर नव्हे.