वज्र, स्मशान आणि आपण

‘तंत्र’ हा शब्द आपल्या समाजात उच्चारला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे अंगारा, उतारा, देवऋषी उभे राहतात आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्यानंतर या वाटेकडे पाहावेच कशाला, असा रास्त प्रश्न येतो. नव्या पिढीला हा शब्द मोबाईलच्या पडद्यावर भेटतो. तेथे तो सुखाचा, आरोग्याचा, नाही तर गूढ शक्तीचा माल म्हणून विकला जातो. अशा काळात बौद्ध तंत्राविषयी गांभीर्याने बोलणारा ग्रंथ आपल्यासारख्या निवासी शाळेच्या ग्रंथालयात असावा की नसावा, हा प्रश्न किरकोळ नाही. तो असावा, असे माझे मत आहे. परंतु तो कसा वाचावा याविषयी इतिहासाचा एक विद्यार्थी आणि शिक्षक या नात्याने मला काही सांगावयाचे आहे.

माझ्यासमोर ग्रंथ आहे तो उर्गेन संघरक्षित यांचा ‘क्रिएटिव्ह सिम्बॉल्स ऑफ तांत्रिक बुद्धिझम’. १९७२ साली त्यांनी इंग्लंडमध्ये दिलेल्या व्याख्यानांवर तो आधारलेला असून २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. संघरक्षित हे नाव आंबेडकरी चळवळीला परके नाही. १९२५ साली लंडन येथे जन्मलेला हा इंग्रज तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिक म्हणून भारतात आला, १९५० साली सारनाथ येथे भिक्खू झाला आणि पुढे कालिम्पाँग येथे राहून तिबेटी लामांकडून त्याने वज्रयानाची दीक्षा घेतली. बाबासाहेबांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, भेटीही झाल्या होत्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपुरात होते. दु:खाने सैरभैर झालेल्या नवदीक्षित जनसमुदायाला त्या संध्याकाळी आणि पुढील काही दिवस त्यांनी धीर दिला. १९७९ साली त्यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण या संस्थेचे कार्य उभे राहिले. ज्या माणसाने नागपुरात बाबासाहेबांचा धम्म सांगितला, त्यानेच इंग्लंडच्या तरुणांना वज्र, मंडल आणि मंत्र समजावून सांगितले. म्हणून हा ग्रंथ न वाचता बाजूला सारणे योग्य ठरत नाही.

या व्याख्यानांचे मोठे गुण मान्य केले पाहिजेत. संघरक्षित तंत्राला जादूटोण्याच्या अंधारातून बाहेर काढतात आणि प्रतीकांची भाषा म्हणून त्याची मांडणी करतात. भवचक्राच्या मध्यभागी एकमेकांच्या शेपट्या धरून फिरणारे कोंबडा, साप आणि डुक्कर हे लोभ, द्वेष आणि मोह होत. वज्र म्हणजे वीजही आणि हिराही. ते करुणेने युक्त अशा उपायाचे चिन्ह, तर घंटा प्रज्ञेचे. स्तूपाच्या आकारात त्यांनी पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश ही महाभूते चढत्या क्रमाने उलगडून दाखविली आहेत. सांचीच्या सहलीला जाणाऱ्या किंवा दीक्षाभूमीच्या घुमटापुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे समजले, तर त्यांचे पाहणे निश्चित समृद्ध होईल.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. वज्रयान ही केवळ हिमालयापलीकडची वस्तू नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. तेथे महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती आढळते आणि पुढे त्याच लेण्यांत नाथपंथाचा वावर दिसतो. औरंगाबादच्या लेण्यांतील तारा आणि वेरूळच्या तीन ताल लेण्यातील बोधिसत्त्वांची मंडलरचना याच प्रवाहाकडे नेणाऱ्या खुणा आहेत. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या नामावळीत चामारीपा, तंतीपा, कुंभारीपा, धोबीपा अशी नावे आहेत. ही नावेच त्यांच्या जन्माची आणि श्रमाची साक्ष देतात. परंपरेनुसार ब्राह्मण कुळात जन्मलेला सरहपा बाण तयार करणाऱ्या एका स्त्रीकडून ज्ञान घेतो आणि आपल्या दोह्यांतून जातीचा अभिमान, होमहवन व पोकळ वैराग्य यांवर प्रहार करतो. राहुल सांकृत्यायन यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने वज्रयानाच्या विकृतीत भारतीय बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण पाहिले, हे खरे. तरीही त्या प्रवाहातील जातिविरोधी आवाज आपण विसरून गेलो, तर आपल्याच वारशाचे एक पान आपण आपल्या हाताने फाडू.

येथपर्यंत मी या ग्रंथाबरोबर चालतो. यापुढे माझी वाट थोडी वेगळी होते.

एका व्याख्यानात संघरक्षितांनी स्मशानाच्या प्रतीकाचे विवेचन केले आहे. तांत्रिक साधकासाठी स्मशान ही भीतीला सामोरे जाण्याची आणि जुना ‘मी’ जाळून टाकण्याची जागा होय. इंग्लंडच्या श्रोत्याला हे प्रतीक म्हणून पटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांसाठी स्मशान हे प्रतीक नव्हते, ते वतनाचे काम होते. मयताची वर्दी गावोगाव पोहोचविणे, सरणासाठी लाकडे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे जन्मानेच त्यांच्या माथी मारलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला समाजाने जन्मतः स्मशानात उभे केले, त्याची मुक्ती त्या स्मशानातून बाहेर पडण्यात होती. स्वेच्छेने स्मशानात जाणारा साधक आणि सक्तीने तेथे राबणारा माणूस यांच्यातील अंतर कोणत्याही प्रतीकाने भरून निघत नाही.

हाच प्रश्न डोंबीच्या बाबतीत उभा राहतो. १९०७ साली हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळात सापडलेल्या चर्यागीतांमध्ये गावाबाहेर झोपडीत राहणारी अस्पृश्य डोंबी येते. कवी तिला परमज्ञानाचे रूप देतो. उपेक्षित स्त्रीला असे स्थान देणे त्या काळात धाडसाचेच होते. तथापि इतिहासकाराने पुढे विचारले पाहिजे की, डोंबी ज्ञानाचे प्रतीक झाली तेव्हा तिची झोपडी गावात आली काय? तिला पाणवठा मिळाला काय? आपल्या काळातही अस्पृश्यांना देवाची माणसे म्हणणारे नाव दिले गेले. बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण नाव बदलले तरी वस्ती गावकुसाबाहेरच होती. प्रतीकातील सन्मान हा हक्काच्या जागी ठेवता येत नाही, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा गुरूचा. वज्रयानात गुरूकडे साक्षात बुद्ध म्हणून पाहावयास सांगितले जाते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी स्वतः भगवंतांनाही मोक्षदाता न मानता मार्गदाता मानले आहे. ज्या धम्मात बुद्धाचे वचनही तपासून घ्यावयाचे, तेथे गुरूचे वर्तन तपासण्यापलीकडचे कसे असेल? खुद्द संघरक्षितांच्या लैंगिक वर्तनाविषयी त्यांच्याच संघातून गंभीर आक्षेप घेतले गेले आणि २०१६ च्या अखेरीस, आयुष्याच्या संध्याकाळी, त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. आपल्या समाजावरील त्यांचे उपकार स्मरणात ठेवूनही ही गोष्ट झाकता कामा नये. कृतज्ञता आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे मुलांना शिकविण्याची हीच जागा आहे. ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतरच होऊ शकला, तेथे तर कोणत्याही वेशातील गुरूपुढे प्रश्न विचारण्याचा अधिकार गहाण टाकणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. हा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याच्या शेजारी ठेवावा आणि मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो शिक्षकांबरोबर, चर्चा करीत वाचावा. वाचताना प्रत्येक प्रतीकाला दोन प्रश्न विचारावेत: हे माझ्या मनातील लोभ, द्वेष, मोह कमी करण्यास साह्य करते काय? आणि हे माणसामाणसांतील समतेला बळ देते काय? पालकांनीही मुलांच्या मोबाईलवर ‘तंत्रा’ची जाहिरात दिसली, तर रागावण्याआधी हेच दोन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत.

माजी विद्यार्थ्यांना माझी विशेष विनंती आहे. आपल्यापैकी काही जण आज विद्यापीठांत पाली, इतिहास, पुरातत्त्व या विषयांत संशोधन करीत आहेत. त्यांनी पन्हाळेकाजीच्या लेण्यांकडे वळावे, चर्यागीते मुळातून वाचावीत आणि चामारीपा, तंतीपा यांच्याविषयी मराठीत लिहावे. डोंबीविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा अनुभव ज्यांच्या घरात अजून ताजा आहे, त्यांनी लिहिलेले वाचण्याची मात्र मी वाट पाहत आहे.