डिस्क मेली नाही, ड्रायव्हर नाहीये!

परवा शनिवारी शिरूरच्या एका पतसंस्थेत जुन्या सर्व्हरवर रेड हॅट ९ टाकत होतो. इन्स्टॉलर म्हणे, डिस्कच नाही! "भंगारात काढा," असा सल्लाही लगेच मिळाला. पण बूट होताना कार्डाला डिस्क दिसत होती, एलएसपीसीआयमध्ये एसएएस २००८ कार्डही दिसलं. मग घोडं कुठं अडलं? रेड हॅटनं २०१९ च्या आठव्या आवृत्तीपासूनच हे कार्ड यादीतून वगळलंय. ईएलरेपोची ड्रायव्हर डिस्क दिली, डिस्क हजर!

परतताना दौंड जंक्शनला इंजिनाविना उभे डबे बघून वाटलं, अगदी हेच. डब्यांना कोणी मोडकं म्हणत नाही. कंपनीनं हात काढला म्हणून यंत्र मरत नाही, मंडळी. सभासदांचे पैसे नव्या सर्व्हरवर घालण्याआधी एकदा एलएसपीसीआय चालवा.