उरल्या मेणाच्या मेणबत्त्या

दिवाळी सरली कीं हिमायतनगरच्या (वडील मंडळींच्या तोंडीं अजून वाढोण्याच्याच) आमच्या घरीं एका डब्यांत दोन तऱ्हेचा पसारा सांठतो: अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आणि मुलांचे मोडके मेणखडू. यंदां मुलांनीं त्यांच्याच नव्या मेणबत्त्या करण्याचा हट्ट धरिला. "लेकरांना विस्तवाजवळ कशाला नेता?" असें आजींनीं विचारलें. प्रश्न रास्त होता, हें पहिल्याच दिवशीं आम्हांस कळलें.

चूक आमचीच. मेणाचें पातेलें आम्ही थेट गॅसच्या शेगडीवर ठेविलें व बोलण्यांत गुंतलों. मेण धुरावलें, मग पेटलें. धाकटा पाण्याचा तांब्या घेऊन धांवला. सूनबाईंनीं त्याचा हात धरिला, गॅस बंद केला आणि पातेल्यावर झांकण सरकविलें. जाळ विझला. तें पाणी पडतें, तर त्याची क्षणांत वाफ होऊन पेटतें मेण पोराच्या अंगावर उडालें असतें.

दुसऱ्या दिवशीं मोठ्या पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत मेणाचें लहान भांडें ठेविलें. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सियसला वितळतें आणि पाणी १०० अंशांवर तापत नाहीं. त्यामुळें मेण पेटण्याइतकें तापतच नाहीं. तरीही शेगडीचें काम व मेण ओतणें मोठ्यांनींच करावें. मुलांनीं तुकडे निवडावे, काजळी खरवडावी, पणत्या पुसून कोरड्या कराव्या. करवंटी सुंदर दिसते, परंतु ती स्वतःच पेट घेते, पणतीच बरी.

वातींचा प्रश्न आला तेव्हां आजी आपण होऊन पुढें सरसावल्या. सुती दोऱ्याच्या तीन पदरांची वेणी त्यांनीं नातीकडून घालवून मेणांत बुडविली. नायलॉनचा दोरा येथें निरुपयोगी. तो वितळून जातो. वेणीची वात जळतांना एका अंगास वळते व टोक ज्योतीबाहेर येऊन जळून जातें. ही युक्ति फ्रान्समध्यें १८२५ च्या सुमारास निघाली. तोंवर मेणबत्तीची काजळी कातरत बसावें लागे.

मेण थिजतांना आक्रसतें व मध्यें खळगा पडतो, म्हणून थोडें राखून मागाहून ओतावें. थोरलीनें हौसेनें पुष्कळ खडू घातले; तिची ज्योत मिणमिणत राहिली, कारण रंगाचे कण वातींत अडकून मेण वर चढूं देत नाहींत.

मायकेल फॅराडे यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. त्यांतला एक प्रयोग आम्ही ओसरीवर करून दाखविला. मेणबत्ती विझवून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुरास पेटती काडी लाविली, तों ज्योत धुरावरून उतरून वातीवर आली! जळते ती मेणाची वाफ. धाकट्यानें आमच्याकडून तो प्रयोग दहा वेळां करविला.

आजींनीं देव्हाऱ्यांत तुपाचीच वात ठेविली. वीज गेल्यास कोनाड्यांत असावी म्हणून एक पणती मात्र मागून घेतली, आणि धाकट्यास म्हणाल्या, "आधीं झांकण कुठें आहे, तें दाखव."